बिडाचा बिडोबा 'माणूस' की 'यंत्र'? क्रीचर टाइपचा माझा निकाल चुकला का?

शाहूपुरीची_डीएम

नमस्कार मंडळी. प्रश्न नियमाचाच आहे, क्रीचर टाइपचा, म्हणजे खेळातला जीव नियमानं कुठल्या प्रकारात मोडतो त्याचा, पण त्यापायी आठवडाभर जिवाला चैन नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या घरी दर शनिवारी रात्री साडेआठला डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचा, डाव बसतो. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि निकाल देणारी, मी. खेळायला चौघं. धाकटा भाऊ एल्फ रेंजर (रानातला लढवय्या), कॉलेजपासूनची मैत्रीण क्लेरिक (जखमा बऱ्या करणारी पुजारीण), तिचा नवरा सॅटर बार्ड (बोकडाच्या पायांचा गवय्या), आणि खालच्या मजल्यावरचे दादा. दादा उद्यमनगरात पॅटर्नमेकर आहेत. फौंड्रीत जी वस्तू ओतायची तिचा आधी लाकडी पॅटर्न लागतो, तो ते करतात. असला खेळ त्यांनी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा बघितला, आणि आता शनिवारी सगळ्यात आधी तेच हजर असतात.

त्यांचं पात्र वॉरफोर्ज्ड फायटर, म्हणजे लढाईसाठी घडवलेला जिवंत पुतळा. नाव बिडोबा, कारण तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. कॅरेक्टर शीटच्या मागं त्यांनी पेन्सिलनं चित्र काढलंय, ते तुम्हाला दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं. छाती दोन पेट्यांत ओतलेली, मधोमध पार्टिंग लाइनची, म्हणजे दोन पेट्यांच्या सांध्याची, कड तशीच राहिलेली, डाव्या खांद्यावर रायजर (ओतताना जादा धातू धरणारा खुंट) कापल्याची गोल खूण. उंची सहा फूट, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'पॅटर्न सहा फूट पाऊण इंच', कारण बीड निवताना शेकडा एक आकसतं. ती कड घासायची सोडून कारागीर मधेच कुठं निघून गेला, त्याच्या शोधात बिडोबा फिरतो. दीड वर्ष माझी सगळी कथा या एका प्रश्नाभोवती फिरतेय.

गेल्या शनिवारी सगळे एका तीन मजली विहिरीत उतरले होते. पन्हाळ्याची अंधारबाव डोळ्यासमोर ठेवून मी ती रचली होती. पार्टी चौथ्या लेव्हलची. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी बिडोबा शून्य हिट पॉइंटवर (हिट पॉइंट म्हणजे अंगातला जीव) पडला. दोन डेथ सेव्ह (मरण टाळायचे फासे) गेलेले. मैत्रिणीकडं एकच स्लॉट, म्हणजे एकदाच मंत्र टाकण्याइतकी ताकद, शिल्लक होता, तिनं हीलिंग वर्ड हा बरं करायचा स्पेल (मंत्र) टाकला. मी स्पेल वाचला. शेवटी स्पष्ट लिहिलंय की अनडेड (मेलेले पण वावरणारे) आणि कन्स्ट्रक्टवर (घडवलेल्या वस्तूंवर) परिणाम नाही. मी म्हटलं, बिडोबा ओतलेला आहे, म्हणजे कन्स्ट्रक्ट, स्पेल लागत नाही. मग दादांची पाळी. फासा टाकला, सात आले. तिसरा सेव्ह गेला, पात्र मेलं.

दादा काही बोलले नाहीत. शीटची चार घड्यांची घडी केली, खिशात ठेवली, उरलेला चहा संपवला आणि गेले.

मंगळवारी जिन्यात भेटले. म्हणाले, "ताई, नियम असंल तर असू दे, माझी तक्रार न्हाई. पण येवढं सांगा, म्हैन्यामागं त्या मांत्रिकानं मला होल्ड पर्सन टाकून थिजवलं, तवा मी माणूस हुतो न्हवं?"

ते खरं आहे. होल्ड पर्सन फक्त ह्युमनॉइडवर (माणूस, एल्फ असल्या जातींवर) चालतो. तेव्हा मी बिनदिक्कत बिडोबावर लावला होता. थिजलेल्यावर जवळून बसलेला प्रत्येक घाव क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) धरतात, तसे दोन बसले. त्या दिवशी तो माझ्या लेखी माणूस होता, या दिवशी यंत्र झाला. दोन्ही वेळा नुकसान त्याचंच.

यात एक गोष्ट आणखी आहे. टेबलावर सगळ्यांना समजावं म्हणून मी चौदाही क्रीचर टाइपचा मराठी तक्ता करून भिंतीवर लावलाय. त्यात ह्युमनॉइडला 'माणूस' लिहिलं, कन्स्ट्रक्टला 'यंत्र', फे ला 'परी'. निकाल देताना माझी नजर पुस्तकाकडं गेली नाही, त्या तक्त्याकडं गेली.

तर विचारायचंय ते असं. वॉरफोर्ज्डचा टाइप नक्की काय? तो कशावरून ठरवायचा, अंगावरून की कागदावरून? भाऊही हल्ली म्हणतो, एल्फच्या अंगात फे रक्त आहे, मला चार्म पर्सन (भुलवायचा स्पेल) लावू नकोस. आणि झालेला निकाल मागं घेता येतो का? दीड वर्षाचं पात्र आहे.

वीस_बाजूंचा

डीएमताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. २०१४ च्या नियमात खेळाडूच्या रेसमध्ये (जातीत) टाइप वेगळा दिलेला नसेल तर ती रेस ह्युमनॉइड. म्हणून तर २०१८ साली सेंटॉर (अर्धा माणूस, अर्धा घोडा) खेळाडूंसाठी आला तेव्हा 'याचा टाइप ह्युमनॉइड नसून फे' असं मुद्दाम छापावं लागलं. वॉरफोर्ज्ड ज्यात येतो ते एबेरॉन या जगाचं पुस्तक २०१९ चं. त्यातल्या वॉरफोर्ज्डला असली कुठलीच ओळ नाही. त्याच पुस्तकात मागं राक्षसांच्या यादीत वॉरफोर्ज्ड सोल्जर आहे, त्याच्या नावाखाली ह्युमनॉइड लिहिलंय. वॉरफोर्ज्ड टायटन आणि कोलोसस हे अवाढव्य पुतळे मात्र कन्स्ट्रक्ट आहेत. जात एकच, पण लिहिणाऱ्यांनी विचार करून दोन टाइप दिले.

म्हणजे हीलिंग वर्ड लागायला हवं होतं. क्युअर वूंड्स, स्पेअर द डाइंग, पॅलादिनचं ले ऑन हँड्स, या जीव वाचवणाऱ्या सगळ्यांत तेच अनडेड-कन्स्ट्रक्टचं वाक्य आहे आणि बिडोबाला त्यातलं एकही आडवं येत नाही. महिन्यापूर्वीचा होल्ड पर्सन मात्र बरोबर होता. पहिला निकाल तुम्ही नीट दिला होता, दुसरा चुकला.

चूक कुठून आली तेही कळतंय. वॉरफोर्ज्डच्या एका गुणाचं नावच कन्स्ट्रक्टेड रेझिलियन्स आहे. त्यात खाणं-पिणं-श्वास लागत नाही, विषाचा जोर निम्मा, रोग होत नाही, असलंच काय काय मिळतं. 'कन्स्ट्रक्टेड' हा शब्द नावात आहे म्हणून टाइप बदलत नाही. तुमच्या भावाचं नेमकं हेच झालंय. एल्फच्या फे अँसेस्ट्रीनं चार्मच्या सेव्हला (त्यातून सुटायच्या फाशाला) ॲडव्हांटेज मिळतं, म्हणजे दोन फासे टाकून चांगला धरायचा, आणि जादूनं झोपवता येत नाही. एल्फ ह्युमनॉइडच. चार्म पर्सन खुशाल लावा, त्याला दोन फासे टाकू द्या.

खरा फे तुमच्या टेबलावर मैत्रिणीचा नवरा आहे. सॅटरचा टाइप फे छापलाय, त्याला होल्ड पर्सन, चार्म पर्सन लागत नाहीत. पण समोरच्या पुजाऱ्यानं कुणावर प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल अँड गुड (फे वगैरेंपासून राखणारा स्पेल) टाकलं की हा सॅटर त्या माणसावर डिसॲडव्हांटेजनं (दोन फाशांतला वाईट धरून) वार करणार, आणि त्याला मोहिनीही घालू शकणार नाही. बार्डाला ते फार महागात पडतं. हे तुम्ही आजवर वापरलं नसेल तर वापरा, नाहीतर फे असण्याचा नुसता फायदाच त्याच्या पदरात पडत राहील.

राहिलं पुढचं. टाइपला स्वतःचे असे काही नियमच नसतात. एखादा स्पेल किंवा गुण विचारतो तेव्हाच तो कामाला येतो. म्हणून आधी स्पेल काय विचारतो ते बघायचं, मग शीटवर काय लिहिलंय ते. शॅटर हा मोठ्या आवाजानं फोडणारा स्पेल बघा. २०१४ चा शॅटर टाइप विचारतच नाही. दगड, स्फटिक, धातू अशा निर्जीव पदार्थाचा जो बनलाय त्याला सेव्हवर डिसॲडव्हांटेज, असं त्यात आहे. तिथं प्रश्न अंगाचा आहे आणि बिडोबा बिडाचा आहे हे दादांनी स्वतः लिहून दिलंय. पुस्तकातला वॉरफोर्ज्ड लाकूड, धातू आणि मुळांसारखे दोर असा मिश्र असतो, त्यामुळं तिथं वाद घालायला जागा आहे. तो निकाल तुम्ही दादांशी बोलून ठरवा.

जुना_भिडू_इचलकरंजी

वरचा नियम बरोबर आहे, पण ताईंना जे वाटलं ते अगदी हवेतलं नाही, हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

आम्ही साडेतीनवी आवृत्ती खेळायचो. २००४ ला वॉरफोर्ज्ड पहिल्यांदा आला तो कन्स्ट्रक्टच होता, 'लिव्हिंग कन्स्ट्रक्ट' असा पोटप्रकार लावून. बरं करणारे स्पेल त्याला निम्मेच लागायचे. क्लेरिकनं आठ दिले की पदरात चार. मित्रानं वॉरफोर्ज्ड घेतला होता आणि आम्ही दर वेळी भागाकार करत बसायचो. हीट मेटल हा धातू तापवायचा स्पेलसुद्धा त्याला भाजायचा. पण त्याच्या बदल्यात होल्ड पर्सन, चार्म पर्सन त्याला शिवायचे नाहीत, कारण तो ह्युमनॉइड नव्हता. तोटा आणि फायदा एकाच दारानं आत यायचे.

त्यामुळं तुमच्या टेबलावर बिडोबाला कन्स्ट्रक्ट करायचं असेल तर करा, त्यात काही पाप नाही. लोखंडाचा माणूस फुंकर मारून बरा होतो हे मलाही आजतागायत पटत नाही. फक्त तो निर्णय पात्र बनवायच्या दिवशी सांगायचा आणि दोन्ही बाजूंनी पाळायचा. डेथ सेव्हच्या मधोमध नाही. दादांनी जिन्यात विचारलं ते ह्याच्यापेक्षा नेमकं कुणाला विचारता आलं नसतं.

आणि हीलिंग पोशनला टाइपची अट नाही हो. कुणाच्या पिशवीत एक बाटली असती तर ती पाजता आली असती.

घाटावरची

मी नियमांत फार जुनी नाही, दोन वर्षं खेळतेय. पण तुमच्या तक्त्याबद्दल बोलायचंय.

'माणूस' आणि 'यंत्र' हे शब्द काढा. 'माणूस' म्हटलं की कान, नाक, रक्त, आई-बाप सगळं मनात येतं, आणि बिडाचा बिडोबा त्यात बसत नाही. मग तुम्ही काय, कुणीही त्याला 'यंत्र'च म्हणेल. ह्युमनॉइड म्हणजे तसलं काहीच नाही. माझ्या आजीनं माझं पात्र बघून विचारलं होतं, "हा टीफलिंग, शिंगं आहेत, मग राक्षसच की?" मी तिला म्हटलं, आजी, आपल्या काकूंचा राक्षसगण आहे, म्हणून त्या राक्षस आहेत का? तिला एका क्षणात कळलं. गण पत्रिकेत लिहिलेला असतो, चेहऱ्यावर दिसत नाही, आणि तो कुणी विचारतं कधी, तर गुण जुळवताना. एरवी आयुष्यभर त्याची आठवणही निघत नाही. क्रीचर टाइप तसा आहे. टीफलिंग ह्युमनॉइड, ड्रॅगनबॉर्न ह्युमनॉइड, धिप्पाड गोलायथसुद्धा जायंट नाही, ह्युमनॉइड.

२०२१ ला जो धाम्पीर (अर्धा व्हॅम्पायर) आला त्याला तर रक्त प्यायची तहान आहे, तरी पुस्तकात ह्युमनॉइड. आधी चाचणीसाठी जो मसुदा काढला होता त्यात त्याला ह्युमनॉइड आणि अनडेड असे दोन टाइप दिले होते आणि दोन्हीपैकी एकावर स्पेल चालत असेल तर तो चालतो, अशी तोड काढली होती. छापताना तेही काढून टाकलं.

आमच्या टेबलावर आम्ही टाइपची नावं इंग्रजीच ठेवलीत, देवनागरीत लिहून. बाकी सगळं मराठीत चालतं. नियमाचा शब्द वेगळा दिसला की हात आपोआप पुस्तकाकडं जातो.

वीस_बाजूंचा

घाटावरचीताई, गणाचं उदाहरण मी आता सगळीकडं वापरणार.

डीएमताई, एक सांगायचं राहिलं. दादा पुढंमागं नवीन पुस्तकं आणतील तर सावध राहा. २०२४ च्या प्लेअर्स हँडबुकात प्रत्येक स्पीशीजच्या (रेसचं नवं नाव) डोक्यावरच टाइप छापलाय, दहाच्या दहा ह्युमनॉइड. पण २०२५ मध्ये एबेरॉनचा वॉरफोर्ज्ड नव्यानं लिहिला तेव्हा त्याला कन्स्ट्रक्ट केलं. ते चालतं, कारण २०२४ च्या क्युअर वूंड्स आणि हीलिंग वर्डमधून कन्स्ट्रक्टची अट काढून टाकलीय. म्हणजे नव्या नियमात बिडोबा बराही होतो आणि होल्ड पर्सनमधून सुटतोही. फक्त शॅटर आता थेट कन्स्ट्रक्टलाच डिसॲडव्हांटेज देतो, तिथं वादाला जागा उरली नाही.

घोळ होतो तो नवा वॉरफोर्ज्ड आणि जुने स्पेल एका टेबलावर आले की. मग तुम्ही दिलात तोच निकाल नियमानं खरा ठरतो आणि पात्र मरतं. प्राण्याचं रूप घेणाऱ्या ड्रुइडचंही तसंच. २०१४ मध्ये लांडगा झालेला ड्रुइड बीस्ट धरतात, होल्ड पर्सन लागत नाही. २०२४ मध्ये रूप लांडग्याचं पण टाइप मूळचाच राहतो, होल्ड पर्सन लागतो. टेबलावर कुठल्या सालचं पुस्तक आहे ते आधी ठरवून घ्या.

आणि कन्स्ट्रक्ट असूनही बरं होणारं पात्र जुन्या नियमात हवं असेल तर २०२२ चा ऑटोनोम (खेळाडूंसाठीची यांत्रिक जात) वाचा. तो कन्स्ट्रक्टच आहे, पण त्याच्या गुणांत पाच स्पेलची नावं घेऊन लिहिलंय की हे तुला लागतील. वर मेंडिंग (डागडुजीचा स्पेल) टाकलं की हिट डाय, म्हणजे बरं व्हायला राखलेले फासे, खर्चून थोडं भरून निघतं. सूट द्यायची असते तिथं पुस्तक ती नाव घेऊन देतं.

बिडोबा_उद्यमनगर

नमस्कार. ताईंनी लिंक पाठवली म्हणून वाचलं. ज्याचं पात्र गेलं तो मीच.

पहिली गोष्ट, मी रागानं गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी कामावर पहिली पाळी होती आणि बोलायला गेलो असतो तर आवाज फुटला नसता. बिडोबा मी माझ्या वडलांवरून काढलाय. तेही पॅटर्नच करायचे. एवढंच सांगतो.

नियमाचं मला पटलं, कारण आमच्या कामात हे रोजचं आहे. ड्रॉइंगवर ग्रेड लिहिलेली असते, एफजी २०० किंवा एफजी २६०. दोन्ही बीडच. ओतून निवलेला जॉब हातात घेतला तर रंग तोच, वजन तेच, वरनं बघून कुणी सांगू शकत नाही. इन्स्पेक्शनवाला पहिल्यांदा ड्रॉइंग मागतो. कुणी म्हटलं मला हाताला हे दोनशेच लागतंय, तर त्याला खाली बसवतात. मग बिडोबाचं ड्रॉइंग त्याच्या शीटवर आहे, त्याच्यात ह्युमनॉइड आलं, विषय संपला.

शॅटरचं मात्र मला मान्य आहे. बीड ठिसूळ असतं. घण बसला तर वाकत नाही, थेट फुटतं. बिडोबाला तिथं डिसॲडव्हांटेज पाहिजेच. मीच सांगणार होतो.

जुना_भिडू_इचलकरंजी

दादा, वडलांचं वाचून गलबलून आलं. बिडोबा उठायलाच पाहिजे.

ताई, हिशोब तर करून बघा. हीलिंग वर्ड म्हणजे एक चार बाजूंचा फासा अधिक विज्डमचा मॉडिफायर (शहाणपणाच्या गुणावरून मिळणारी भर). चौथ्या लेव्हलच्या क्लेरिकचा तीन धरला तर कमीत कमी चार हिट पॉइंट. फासा काहीही पडू दे, बिडोबा उठतोच. म्हणजे तो सातचा सेव्ह मुळात टाकायलाच नको होता. त्याला जिवंत करायला नवा स्पेल, हिरा, देवाचा कौल काही लागत नाही. क्लेरिकच्या पाळीपर्यंत मागं या आणि तिथून पुढं खेळा. त्यानंतर विहिरीत बाकीच्यांचं काय काय झालं, ते सोडून द्यावं लागेल, तेवढं सगळ्यांना विचारून घ्या.

शाहूपुरीची_डीएम

सगळ्यांचे मनापासून आभार. दादांचं उत्तर मी तीनदा वाचलं. वडलांचं मला ठाऊक नव्हतं. दीड वर्ष मी त्या गायब कारागिराला खलनायक करायच्या बेतात होते. आता ते करणार नाही.

काल रात्री चौघांना फोन केले. बिडोबा पडल्यावर फक्त अर्धा तास खेळ झाला होता, त्यात भावाला एक चांगलं धनुष्य मिळालं होतं. त्याला म्हटलं, मागं गेलो तर ते जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे की, परत मिळवू." मैत्रिणीला तर रडूच आलं, कारण तिला आठवडाभर वाटत होतं की तिनं चुकीचा स्पेल निवडला. ते मला आधी कळायला हवं होतं. चूक माझ्या वाचण्यात होती आणि तिचं ओझं ती वागवत होती.

तक्ता भिंतीवरून काढलाय. नवीन करतेय, नावं इंग्रजीच पण देवनागरीत, आणि प्रत्येक पात्राच्या शीटवर नावाखाली लाल पेनानं टाइप लिहायचा. एल्फ: ह्युमनॉइड. सॅटर: फे. क्लेरिक मैत्रीण मानवी आहे, तिचंही लिहिणार. आम्ही २०१४ वरच राहणार आहोत. आमच्याकडचे स्पेलचे कागद मी २०२३ मध्ये खुल्या परवान्यावर मोफत आलेल्या नियमसंग्रहातून छापून घेतलेत, त्यातले जे स्पेल टाइप विचारतात त्यांच्या कोपऱ्यात एक ठिपका देतेय. मोजायला बसले तर वाटलं होतं त्यापेक्षा बरेच निघाले. ॲनिमेट डेड हा प्रेत उठवायचा स्पेलसुद्धा ह्युमनॉइडचंच प्रेत मागतो, हे मी इतक्या दिवसांत वाचलंच नव्हतं.

दादा, शॅटरचं तुम्ही म्हणता तसं. विहिरीच्या तळाशी जो बसलाय त्याच्याकडं तो स्पेल आहे, हे मी आता तुम्हाला सांगून टाकते, कारण निकाल आधी सांगायचा असतो हे इथंच शिकले.

शनिवारी साडेआठ. दुसरा मजला, कठड्याशी बिडोबा पडलेला, दोन सेव्ह गेलेले, क्लेरिकची पाळी. शीट घेऊन या. घडी पडली असली तरी तीच आणा, मागचं चित्र त्याच्यावर आहे.